सनई खरी, पण मुहूर्तापुरती

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. एकूण खर्च नऊ लाख, सगळा साठवलेला, त्यात वाजंत्रीसाठी २५ हजार. मुलगी आठ वर्षं गाणं शिकली आहे आणि तिला मंगलाष्टकांना खरी सनई हवी आहे. मुलगा म्हणतो, पेनड्राइव्ह लावू. इव्हेंटवाल्याने सीमांतपूजनाला भावगीतांचा ऑर्केस्ट्रा, सकाळी सनई-चौघडा आणि रिसेप्शनला बासरी-व्हायोलिन असे तिन्ही मिळून १,४५,००० रुपये सांगितले आहेत, जीएसटी वेगळा. शहराच्या लष्कर भागातली एक शहनाई पार्टी फक्त मुहूर्ताचे ३२ हजार मागते. कर्ज काढू की यजमानांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेली एफडी मोडू, असं ताई विचारतात.

ताई, दोन्ही नको. आधी कर्जाचं बोलू. १८ टक्के जीएसटी धरला की पॅकेज १,७१,१०० रुपयांवर जातं. तुमचे २५ हजार वजा करून उरलेले १,४६,००० तीन वर्षांसाठी १४ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता पाच हजारांच्या आसपास बसतो आणि व्याजच ३३ हजारांच्या वर जातं. म्हणजे नुसत्या व्याजात ती शहनाई पार्टी येऊन वाजवून गेली असती. एफडीला तर हातच लावू नका. मुदतीआधी मोडली की व्याजदर कापतात, पण माझी खरी हरकत त्या दंडाला नाही. गुडघा लग्नाची तारीख बघून दुखत नाही.

आता मुलीच्या मागणीकडे येतो. ती मला हौस वाटत नाही. भटजींचा वेळ पुढे-मागे होतो, मामा मुलीला घेऊन यायला उशीर करतात, शेवटचं मंगलाष्टक म्हणायला एखादी आत्या अचानक उभी राहते. सनईवाला हे सगळं बघत असतो. गरज पडली तर आलाप लांबवतो, मंगलाष्टकं सुरू झाली की थांबतो, आणि शेवटचं ‘सावधान’ होऊन अंतरपाट खाली येताच चौघड्यासकट उसळतो. अक्षता हवेत असतात तेव्हाच तो सूर यायला हवा. माझ्या भाचीच्या लग्नात आम्ही मोबाइल स्पीकरला जोडला होता. नेमका त्याच क्षणी कुणाचा तरी फोन आला आणि हॉलभर रिंगटोन वाजली. त्या लग्नाच्या व्हिडिओत आजही तीच ऐकू येते. वाचवलेल्या पैशांचं मला तेव्हापासून समाधान वाटलेलं नाही.

म्हणून ३२ हजारांची पार्टी ठरवा. सात हजार कमी पडतात. तुमच्या हिशेबात ताट ६५० रुपयांचं आहे. अकरा ताटं कमी केलीत की ७,१५० निघतात. यादीत ‘बोलवायलाच हवं का’ असं ज्यांच्यापुढे लिहिलं आहे, ती नावं तर चौदा आहेत.

सीमांतपूजनाचा ऑर्केस्ट्रा सोडून द्या. त्या संध्याकाळी व्याही-मंडळींची ओळखपाळख आणि मानपान चाललेलं असतं, गाण्याकडे कान कुणाचा नसतो. आणि तुमचं गाव ग्वाल्हेर आहे! माधव संगीत महाविद्यालय तिथे १९१८ पासून गाणं शिकवत आलंय, २०२३ मध्ये युनेस्कोनेही शहराला संगीतनगरी म्हणून मान दिला. मुलीच्या गाण्याच्या वर्गातल्या मैत्रिणी पेटी-तबला घेऊन तासभर बसल्या, तर ती मैफल घरची होईल. फक्त त्यांना फुकट गायला लावू नका. प्रत्येकीच्या हाती पाकीट द्या, तबलजीच्या हाती थोडं जास्त. साडीखरेदीत उरलेले सहा हजार यालाच वापरा. रिसेप्शनला मात्र पेनड्राइव्ह चालेल, मुलाचंही ऐकल्यासारखं होईल.

पार्टीशी थेट बोला, मधे कुणी नको. शास्त्रीय किंवा लोकसंगीताच्या कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. तीच सनई इव्हेंटवाल्याच्या बिलातून आली की त्याचं कमिशन आणि १८ टक्के, दोन्ही तुमच्या माथी. किती जण येणार ते नीट विचारा: सनई, सूर धरणारा, चौघडा. भाव पाडायला गेलात की आधी सूर धरणारा गळतो, आणि त्याच्याशिवाय सनई पोरकी वाटते. त्यामुळे घासाघीस करू नका. त्याच सकाळी त्यांचा दुसरा मुहूर्त आहे का, हेही विचारून घ्या. वेळ, माणसं, जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवण कागदावर लिहा.

हॉलवाला गाण्यांच्या परवान्याचे पैसे मागेल कदाचित. लग्नविधी, वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांतल्या संगीताला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) ने सूट दिलेली आहे, आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. त्या पत्रकाची प्रत जवळ ठेवा.

दहा हजार आगाऊ याच आठवड्यात द्या, फेब्रुवारीच्या तिथींना चांगल्या पार्ट्या लवकर अडकतात. उरलेले २२ हजार त्याच दिवशी, ते जेवायला बसण्याआधी, यजमानांच्या हातून द्या.