१९५०-६० च्या काळातली इंग्लंडची छोटी शहरं आणि समुद्रकाठची गावं खरंच फोटोंत दिसतात तशी होती का?

मी १९५६ ते १९६३ या काळात, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत, लँकेशायरमधल्या ओल्डहॅममध्ये राहिले. तेव्हा हे उत्तर एका गिरणगावाबद्दल आहे. लंडन मी दोनदाच पाहिलं, बोटीतून उतरल्यावर आणि परत बोटीत चढण्याआधी.

फोटोंतलं ते स्वच्छ, निवांत, समुद्रकाठचं इंग्लंड होतं की नाही? होतं, पण वर्षातून एक आठवडा. उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांचे फोटो कोणी काढत नसे.

आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे. बाबा परळच्या एका गिरणीत त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात होते. तिथल्या यंत्रांवर ओतीव अक्षरं होती, 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम'. कावसजी दावरांनी १८५४ साली मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली, तिची यंत्रंही याच कंपनीची. बाबांनी ते नाव रोज वाचलं आणि एक दिवस त्या गावीच जायचं ठरवलं. १९५५ मध्ये ते एकटे गेले. दिवसा गिरणीत काम, संध्याकाळी मँचेस्टरला वर्ग. वर्षभराने आई आणि मी बॅलार्ड पिअरवरून निघालो. बाई विलायतेला चालली म्हणून चाळीतल्या बायकांनी आईची ओटी भरली.

आणि विलायत म्हणजे काय, तर धुराने काळ्या पडलेल्या विटांच्या, एकमेकींना चिकटलेल्या घरांची रांग. खाली दोन खोल्या, वर दोन. न्हाणीघर नाही. संडास मागच्या अंगणाच्या टोकाला, खिळ्याला वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे अडकवलेले, आणि थंडीत नळ गोठू नये म्हणून आत रॉकेलचा छोटा दिवा. अंघोळ शुक्रवारी रात्री, शेगडीसमोर पत्र्याचं टब ठेवून, एकामागून एक, त्याच पाण्यात. आई दारात उभी राहून सगळं बघत होती. मग बाबांना म्हणाली, "मगे आमची चाळ काय वायट होती?"

खरं सांगायचं तर ती चाळच होती, फक्त आडवी पसरलेली. परळला भोंग्यावर उठायची सवय होती, इथे एक म्हातारे गृहस्थ पहाटे लांब काठीने वरच्या मजल्याच्या खिडक्यांवर टकटक करत जायचे आणि घरटी आठवड्याला थोडे पैसे घ्यायचे. तिथे बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची, इथे घोडागाडीवाला चिंध्या घेऊन एक दगडाची वडी द्यायचा. तिला 'डाँकी स्टोन' म्हणायचे. ती ओली करून बायका रोज सकाळी गुडघ्यांवर बसून उंबऱ्याची पायरी घासायच्या आणि कडेला फिक्या पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाची पट्टी ओढायच्या. जिची पायरी मळकी तिच्याबद्दल गल्लीत काय बोललं जाई ते मी लिहीत नाही. आईने तिसऱ्या दिवशी आमची पायरी घासली आणि पट्टीच्या जागी ठिपक्यांची रांगोळी काढली. दुपारी अर्धी गल्ली बघायला आली होती.

आईला इंग्रजीचा गंधही नव्हता. तिला बोलायला शिकवलं शेजारच्या आजींनी, आणि तेही अजब पद्धतीने. त्या डार्वेन या लँकेशायरमधल्याच दुसऱ्या गिरणगावाकडच्या, तरुणपणापासून मागावर काम केलेल्या. मागखात्यातल्या खडखडाटात ऐकू काहीच येत नाही, म्हणून तिथल्या बायका ओठ मोठेमोठे हलवून, हातवारे करून बोलत. 'मी-मॉ' असं त्याला नाव होतं. आजींना घरीही तसंच बोलायची खोड लागली होती, शिवाय कानही गेलेले. आवाज न करता, ओठ ताणून, कुंपणाच्या भिंतीवरून त्या 'बटाटे' म्हणायच्या आणि आईला कळायचं. सहा महिन्यांत दोघी बटाट्यांवरून सुनांपर्यंत पोचल्या.

याच आजींनी एकदा आईला सांगितलं की त्यांनी गांधींना पाहिलंय. गोलमेज परिषदेला आले असताना, सप्टेंबर १९३१ मध्ये, गांधीजी डार्वेनला गेले होते. आपल्या परदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांचं काम गेलं होतं त्या गिरणी कामगारांना भेटायला. आजी तेव्हा बेकार होत्या आणि गर्दीत उभ्या होत्या. "राग नाही आला?" आईने विचारलं. आजींनी ओठ हलवून उत्तर दिलं, ते मी वाचलं: "तो आमच्याहून गरीब दिसत होता गं."

पैशाचं मात्र मला कौतुक वाटतं. बारा पेनींचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. वर अडीच शिलिंगांचं नाणं, तीन पेनींचं बारा कोनी नाणं. बाकीची परदेशी मुलं रडकुंडीला यायची. मी बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया शिकून आलेली, पावकी-निमकी-दिडकीचे पाढे पाठ. वर्गात पहिली. गंमत अशी की मी तिकडे असतानाच, एप्रिल १९५७ मध्ये, इकडे नवे पैसे आले, आणि परतले तेव्हा ती सगळी विद्या कुचकामी. घरात गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकावा लागे. भात अर्धा शिजला की हटकून गॅस जायचा.

भात हा वेगळाच विषय. वाण्याकडे तांदूळ मिळे तो दुधात साखर घालून शिजवायचा, आखूड आणि चिकट. ऑलिव्ह तेल औषधाच्या दुकानात, कानात घालायला. हळद, मिरचीपूड, आमसुलं, तिरफळं वेंगुर्ल्याहून मामा पार्सलने पाठवायचा. बोटीने यायला दोन महिने लागत. नोव्हेंबरात मात्र एक चमत्कार झाला. शेकोट्यांच्या रात्री कोपऱ्यावरच्या दुकानात वाडग्यातून गरमागरम 'ब्लॅक पीज' मिळू लागले. भिजवून शिजवलेले काळपट वाटाणे, वर व्हिनेगर. आईने एक घास घेतला आणि डोळे पुसले. मग घरी आणून फोडणी दिली. काळ्या वाटाण्याच्या उसळीला खोबरं नव्हतं एवढंच. याउलट बटाट्याचे चिप्स आम्ही वर्षभर आवडीने खाल्ले, आणि मग कोणीतरी सांगितलं की आमच्या भागात ते बैलाच्या चरबीत तळतात. आई त्या दिवशी जेवली नाही. बाबा म्हणाले, आता कळलंच आहे तर विसरून जा. ते स्वतः फार लवकर विसरले.

आता तो एक आठवडा. त्याला 'वेक्स वीक' म्हणायचे. प्रत्येक गिरणगावाचा आठवडा वेगळा. त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गिरण्या, बहुतेक दुकानं बंद. वर्षभर गिरणीतल्या क्लबात थोडेथोडे पैसे साठवायचे, आपल्या भिशीसारखे, आणि शनिवारी सकाळी सगळं गाव बॅगा घेऊन स्टेशनवर. गणपतीला लालबाग-परळच्या चाळी रिकाम्या होतात ना, अगदी तसं. फरक एवढाच की आपण गावाला जातो, ती माणसं समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला जायची. तिथेही शेजारी तेच, जॉबर (गिरणीतला मुकादम) तोच, भांडणंही तीच. आम्ही पहिल्या वर्षी पैशांअभावी मागे राहिलो, आणि त्यामुळे मला एक गोष्ट दिसली जी जाणाऱ्यांना दिसत नसे. चिमण्यांचा धूर थांबला आणि तिसऱ्या दिवशी गावाच्या पूर्वेला डोंगर उगवले. ते तिथे होतेच. आम्हाला वर्षभर कळलं नव्हतं.

१९५८ साली आम्हीही ब्लॅकपूलला गेलो. गाडीतून टॉवर ज्या पोराला आधी दिसेल त्याला सहा पेनी. १८९४ मधला, ५१८ फुटी, आयफेलवरून बेतलेला. वाळूत माणसं सूट-टाय घालून बसलेली, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, डोक्यावर रुमालाच्या चार कोपऱ्यांना गाठी मारून केलेली टोपी. पोरं गाढवांवर. टॉवरच्या नाचघरात रेजिनल्ड डिक्सन ऑर्गन वाजवायचे, ते १९३० पासून वाजवत होते. ठेल्यावर आपल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या थंडगार, व्हिनेगर घालून मिळत. आई म्हणाली, तिसऱ्यांचे असे हाल मी आजवर पाहिले नाहीत.

पण ज्या घरी बाबांनी पत्राने खोली ठरवली होती, त्या बाईंनी दार उघडून आमच्याकडे पाहिलं आणि खोली नाही म्हणाल्या. पत्र बाबांच्या हातात होतं. बाबांनी ते घडी करून खिशात ठेवलं. पुढच्या तीन दारांवरही खोली नव्हती. चौथ्या घरात मिळाली, तिथे नाश्त्यानंतर संध्याकाळपर्यंत घरात यायची बंदी, पाऊस असो वा नसो, आणि बिलात मीठ-मिरीच्या बाटल्यांचे वेगळे पैसे. पण ते सगळ्यांनाच होतं, त्यामुळे आईला त्याचं काही वाटलं नाही. घर भाड्याने देताना रंग बघून नकार देणं १९६८ पर्यंत तिथे बेकायदेशीरही नव्हतं. फोटो बघताना हेही लक्षात ठेवा.

ब्लॅकपूलला आम्ही पुन्हा गेलो नाही. १९६१ च्या ऑगस्टात बाबांच्या एका सोबत्याने यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचं रॉबिन हूड्स बे सुचवलं. तिथे त्याची विधवा मावशी खोली भाड्याने द्यायची. स्कारबरोहून कड्याच्या काठाकाठाने जाणारी छोटी रेल्वे, डावीकडे कुरणं, उजवीकडे एकदम खाली समुद्र. गावाचा रस्ता इतका उताराचा की तो सरळ पाण्यातच जाऊन संपतो. घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी. १७८० च्या सुमारास एक अख्खी ओळ कड्यासकट समुद्रात गेली होती, आणि गावातले लोक ते मागच्या आठवड्यात झाल्यासारखं सांगत. सपाट बुडाच्या 'कोबल' होड्या वाळूवर ओढलेल्या, डांबराचा आणि ओल्या जाळ्यांचा वास. आई स्टेशनपासून गप्प होती. होड्या दिसल्यावर चप्पल काढून हातात घेतली आणि थेट वाळूवर उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीबाईंकडे ताजे बांगडे आले. आपल्यापेक्षा लांबुडके, पाठीवर वेड्यावाकड्या रेघा, पण बांगडेच. आईने खुणेने विचारलं, मी करू? आणि बॅगेतून डबी काढली. मिरचीपूड, हळद, तिरफळं, आमसुलं. ती डबी तिने सुट्टीला सोबत का आणली होती हे बाबांनी विचारलं नाही. बांगड्याचं तिखलं झालं. मावशीबाईंनी पहिला घास घेतला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, दोन पेले पाणी प्यायल्या आणि आणखी दोन तुकडे वाढून घेतले. निघताना आईने उरलेली आमसुलं त्यांना दिली.

पुढचं थोडक्यात. १९५९ च्या कायद्याने सूत कातायच्या जुन्या चात्या आणि माग भंगारात काढायला सरकार गिरण्यांना पैसे देऊ लागलं होतं; बाबांच्या डोळ्यांदेखत यंत्रं घणांनी फोडली गेली. १९६२ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागला तो मार्चपर्यंत हटला नाही. पायरीवरच्या बाटल्यांत दूध गोठून झाकणं वर यायची. १९६३ च्या उन्हाळ्यात आम्ही परत आलो, परळलाच.

रॉबिन हूड्स बेच्या मावशीबाई दर नाताळला आईला कार्ड पाठवायच्या. मार्च १९६५ मध्ये ती कड्यावरची रेल्वे बंद झाली. त्या वर्षीच्या कार्डात दोनच वाक्यं होती, मीच आईला वाचून दाखवली. आता पाहुणे कमी येतात. आणि ते काळं आंबट फळ संपलं.

आईने दुसऱ्याच दिवशी वेंगुर्ल्याला मामाला पत्र टाकलं.