पैसे भरण्याआधी एक वही घे

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदाच एक अख्खं काम, ती माहितीपुस्तिका छापून घेण्याचं, तुझ्या अंगावर आलंय, वरिष्ठ रोज ‘कुठवर आलं?’ म्हणून विचारतात, आणि आपल्याला यातलं काहीच येत नाही असं वाटून तू तो प्रकल्प व्यवस्थापनाचा महागडा अभ्यासक्रम करायला निघाली आहेस. कर्ज काढू का, असंही विचारलंयस. नको काढूस. निदान आत्ता तरी नको.

माझ्या दुसऱ्या नोकरीत असताना मी पदरमोड करून असाच एक वर्ग केला होता. चार शनिवार-रविवार, एक जाडजूड फाइल आणि शेवटी प्रमाणपत्र. पुढच्याच महिन्यात आमचं कार्यालय दुसऱ्या इमारतीत हलवायचं काम माझ्याकडे आलं. वेळापत्रक केलं, सहा आठवडे धरले. लागले अकरा. टेबलं-कपाटं सगळी जागच्या जागी बसली आणि मग कळलं की नेटवर्कची केबल फरशीखालून जायची आहे. अर्धी कपाटं पुन्हा उचलावी लागली. केबल टाकणाऱ्या माणसाला ‘तुमचं काम कशाच्या आधी व्हायला हवं?’ एवढं मी एकदाही विचारलं नव्हतं. कोणतं काम कोणावर अवलंबून असतं यावर त्या फाइलमध्ये एक पूर्ण प्रकरण होतं आणि ते मी मन लावून वाचलंही होतं. पण ते माझ्या कामाला कधी लावून पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. प्रत्येक कामासमोर पाच रकाने: काम काय, ते कशासाठी थांबलंय, माझा अंदाज किती दिवसांचा, प्रत्यक्षात किती लागले, आणि फरक पडला तो का. शेवटचा रकाना काम संपल्या दिवशीच भरायचा. आठवड्यानंतर आपण कारणं सोयीची लिहायला लागतो. माझ्या वहीत वर्षभरात एक गोष्ट स्वच्छ दिसली. माझ्या हातातल्या कामांचे अंदाज फारसे चुकत नव्हते. ज्या कामात दुसऱ्या कोणाची मंजुरी लागायची ती दुपटीने लांबायची. हे मला कोणत्याही वर्गात कळलं नसतं, कारण ते माझ्या कार्यालयाबद्दलचं आणि माझ्याबद्दलचं ज्ञान होतं.

डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला नाव दिलं, नियोजनाचा भ्रम. अंदाज करताना आपण समोरच्या कामाचं चित्र डोळ्यांपुढे आणतो आणि ते चित्र नेहमी सुरळीत पार पडतं. तशाच कामांना आधी किती वेळ लागला होता, हे आपण पाहतच नाही. सिडनी ऑपेरा हाउसचं उदाहरण माणसं उगाच देत नाहीत. १९५९ मध्ये बांधकाम सुरू झालं, १९६३ मध्ये पूर्ण व्हायचं होतं, उद्घाटन झालं १९७३ मध्ये. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला. आपली कामं लहान असतात, पण भ्रम तोच.

तर पहिलं साधन ती वही. आता वाचायचं काय ते सांगते.

आधी स्क्रम गाइड वाच. स्क्रम म्हणजे गटाने छोट्या छोट्या टप्प्यांत काम करायची एक पद्धत. केन श्वेबर आणि जेफ सदरलंड यांनी ते लिहिलंय, पहिल्यांदा २०१० मध्ये आलं, २०२० मध्ये त्यांनी ते आणखी छाटून लहान केलं. इंग्रजी प्रत जेमतेम १३ पानांची आहे आणि अधिकृतपणे मोफत आहे. एका बैठकीत वाचून होतं. पण वाचून झाल्यावर ‘आता मला स्क्रम येतं’ असं म्हणू नकोस. त्यातली एकच गोष्ट उचल: ठरावीक मुदतीचा टप्पा घ्यायचा, टप्प्याच्या शेवटी तयार झालेलं काहीतरी दाखवायचं, आणि मग सगळ्यांनी बसून आपण काम कसं केलं यावर बोलायचं. दोन टप्पे असे करून बघ, बाकीचं नंतर.

तुझ्या कामाला मात्र स्क्रमपेक्षा जुन्या पद्धतीचं नियोजन जास्त लागेल, कारण छपाईची तारीख हलणार नाही. त्यासाठी युरोपियन कमिशनची पीएम स्क्वेअर्ड ही पद्धत बघ. तिचं मार्गदर्शक पुस्तक मोफत उतरवून घेता येतं आणि सोबत तयार नमुने मिळतात: प्रकल्पाची सनद (म्हणजे काम काय आणि कशासाठी हे ठरवणारा सुरुवातीचा कागद), जोखमींची नोंद, बदलांची नोंद. सगळे नमुने भरत बसलीस तर मूळ काम राहून जाईल. सनद आणि जोखमींची नोंद एवढं पुरे. सनदेत ‘या कामात काय येत नाही’ हा परिच्छेद सगळ्यांत आधी लिही. पुढे जी भांडणं होतात त्यातली बरीचशी तिथेच मिटतात.

आता तुझी माहितीपुस्तिकाच घेऊ. तू पाच कामं कळवलीस: मजकूर ८ दिवस, चित्रं ५, पानांची मांडणी ४, मंजुरी ३, छपाई ५. बेरीज २५ येते, म्हणून तू घाबरली आहेस. पण मजकूर आणि चित्रं एकाच दिवशी सुरू होऊ शकतात ना? मग मांडणी नवव्या दिवशी सुरू होईल आणि ८, ४, ३, ५ मिळून २० दिवसांत पुस्तिका हातात येईल. या साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. साखळीतलं कोणतंही काम एक दिवस लांबलं की अख्खी पुस्तिका एक दिवस लांबते. चित्रं मात्र साखळीबाहेर आहेत. चित्रकाराला तीन दिवस उशीर झाला तरी काही बिघडत नाही, म्हणून रोज सकाळी त्याच्या मागे लागू नकोस. तुझं लक्ष मजकूर लिहिणाऱ्यावर हवं.

मंजुरीचे तीन दिवस मला पटलेले नाहीत. एकच आकडा धरण्याऐवजी तीन आकडे लिही: सगळं नीट झालं तर २ दिवस, सहसा ३, साहेब दौऱ्यावर गेले तर १०. मधल्या आकड्याला चारने गुण, उरलेले दोन मिळव, सहाने भाग. २ अधिक १२ अधिक १० म्हणजे २४, भागिले ६, म्हणजे ४ दिवस. तुझे वीस दिवस इथेच एकवीस झाले. ही रीत १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात वापरली गेली आणि पर्ट नावाने रूढ झाली. तिला कागद-पेन्सिल पुरते.

सॉफ्टवेअरचंही विचारलंयस. कामं वीस-पंचवीस असतील तर स्प्रेडशीट भरपूर झाली. आडव्या पट्ट्यांचं वेळापत्रक हवंच असेल तर गँटप्रोजेक्ट आणि प्रोजेक्टलिब्रे या दोन्ही मोफत मिळणाऱ्या मुक्त प्रणाली आहेत. त्यांच्यात एका दुपारपेक्षा जास्त वेळ घालवू नकोस. पट्ट्यांना रंग देताना काम पुढे सरकतंय असं वाटत राहतं, हा माझा स्वतःचा अनुभव. वेळापत्रक बरं झालंय की नाही हे तपासायचं असेल तर अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१५ मध्ये काढलेलं वेळापत्रक मूल्यमापनाचं मार्गदर्शक मोफत उपलब्ध आहे. त्यातले दहा निकष एका पानावर उतरवून घे.

आता व्यवसायाच्या बाजूकडे येते. तू यावर दोनच ओळी लिहिल्यास आणि तिथेच मला तुझी जास्त काळजी वाटली. प्रकल्पाची भाषा लवकर येते. पण पैशाची भाषा येत नसेल तर वरच्या बैठकीत आपण फक्त तारखा सांगणारे राहतो, आणि निर्णय दुसरेच घेतात. म्हणून हिशेब शीक. राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा उपक्रम पाठ्यपुस्तकं मोफत देतो. त्यात लेखाशास्त्राच्या मूलतत्त्वांचे दोन खंड आहेत, पहिला वित्तीय लेखांचा, दुसरा व्यवस्थापकीय. दुसऱ्या खंडातलं खर्च, विक्री आणि नफ्याच्या संबंधावरचं प्रकरण आधी वाच, गणितं सोडव, मग पहिल्या खंडाकडे वळ. पहिल्यापासून सुरुवात करून नोंदींच्या जंजाळात कंटाळून पुस्तक मिटलेली माणसं मी पाहिली आहेत.

पुस्तकाच्या जोडीला एखाद्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल घे. हे अहवाल कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही वाचता येतात. जिचं उत्पादन तू रोज वापरतेस अशीच कंपनी निवड, म्हणजे आकड्यांमागचं काम डोळ्यांसमोर येईल. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक अशी तीन पानं शेजारी शेजारी ठेव. नफा एवढा, मग रोख एवढीच का? या एका प्रश्नाचं उत्तर शोधत बस. दोन संध्याकाळी जातील, जाऊ देत.

उत्तर साधारण असं निघतं. समज, तू १०० ला माल घेतलास आणि १३० ला उधारीवर विकलास. हिशेबात ३० नफा लागला. पण गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देणार आणि पुरवठादाराला तुला ३० व्या दिवशी द्यायचे आहेत. मधल्या ६० दिवसांचे १०० कुठून आणणार? आता अशा एकाऐवजी वीस ऑर्डरी आल्या तर २,००० उभे करावे लागतील. म्हणजे मागणी वाढली म्हणूनच तिजोरी रिकामी होते. हे ज्याला कळलं तो गिऱ्हाइकाशी बोलताना किमतीइतकाच मुदतीवर घासाघीस करतो. तुझ्या प्रकल्पातही छापखान्याला आगाऊ किती द्यायचे हा प्रश्न येणारच आहे.

आणखी एका प्रकारचं वाचन मला फार मोलाचं वाटतं: फसलेल्या प्रकल्पांचे चौकशी अहवाल. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोचताना हरवलं. एका गटाच्या सॉफ्टवेअरने आकडे पाउंडाच्या मापात दिले, दुसऱ्या गटाने ते न्यूटनचे समजून वापरले. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच वर्षी आलेला चौकशी मंडळाचा अहवाल वाचलास तर पुढचं कळतं: मार्ग मोजणाऱ्यांना आकड्यांबद्दल शंका आली होती, पण ती नीट वरपर्यंत पोचलीच नाही. वाचताना मला ते केबलचं काम आठवलं. आपल्या बैठकीत ‘मला शंका आहे’ असं म्हणायला कनिष्ठ माणसाला जागा असते का, हे मी तेव्हापासून आवर्जून पाहते.

व्हिडिओतून शिकायला आवडत असेल तर एमआयटीचं ओपनकोर्सवेअर आणि ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचं ओपनलर्न, दोन्हीकडे व्यवस्थापनाचे मोफत अभ्यासक्रम आहेत. एका वेळी एकच घे, आणि तुझ्या पुस्तिकेत या आठवड्यात जे अडलंय त्याबद्दलचाच. बाकीचे खुणा करून ठेवण्यातही वेळ जातो.

पैसे कधी भरायचे? प्रमाणपत्रावाचून एखादं दार उघडतच नसेल तेव्हा. गूगलचा प्रकल्प व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम २०२१ पासून कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आहे. तिथे महिन्याच्या हिशेबाने वर्गणी असते, म्हणून वरचं मोफत वाचन आधी संपव आणि मग भर. तीच सामग्री निम्म्या वेळात होते. परवडत नसेल तर आर्थिक साहाय्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज करायला संकोच करू नकोस, ती सोय तुझ्यासारख्यांसाठीच आहे.

तुझी मैत्रीण ज्या परीक्षेबद्दल बोलत होती ती पीएमपी, प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेची प्रकल्प व्यवस्थापकांसाठीची प्रमाणपत्र परीक्षा. तिला चार वर्षांची पदवी असलेल्यांनाही ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव लागतो, वर ३५ तासांचं प्रशिक्षण. तुझा अनुभव आता सुरू होतोय, त्यामुळे त्या परीक्षेच्या तयारीचा वर्ग आज विकत घेण्यात काहीच अर्थ नाही. सुरुवातीच्यांसाठी त्याच संस्थेची कॅपम आहे, तिला २३ तासांचं शिक्षण पुरतं. बसायचं ठरवलंस तर आधी संस्थेच्या सदस्यत्वाचा हिशेब मांड: सदस्यांना परीक्षेच्या शुल्कात सवलत असते आणि पीएमबॉक गाइड या संस्थेच्या मार्गदर्शक ग्रंथाची डिजिटल प्रत मिळते. नुसतं शिकायचं असेल तर त्याच ग्रंथाची २०१७ ची सहावी आवृत्ती ग्रंथालयात किंवा जुन्या पुस्तकांत शोध. तिच्यात ४९ प्रक्रिया एकेक करून सांगितल्या आहेत. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने तत्त्वांवर भर दिला, आणि नवख्या माणसाला तत्त्वांपेक्षा पायऱ्या लवकर कळतात असं माझं मत आहे.

कर्जाचा अर्ज अजून दिला नसशील तर देऊ नकोस. रविवारपर्यंत पुस्तिकेची पाच कामं वहीत उतरव आणि त्या पानाचा फोटो मला पाठव. ‘कशासाठी थांबलंय’ हा रकाना तू एकटीने भरू नकोस. मजकूरवाला, चित्रकार आणि छापखान्यातला माणूस, तिघांनाही समोर बसून विचार. मंजुरी देणारे साहेब त्या आठवड्यात गावात आहेत का, तेही उद्याच विचारून घे.

तुझी,
ताई