लंडनमधील संध्याकाळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेली चार पत्रे लंडनला निघालेल्या वाचकांची आहेत. दिवसाचा कार्यक्रम चौघांचाही ठरला आहे. संध्याकाळचे काय करावे, हे कोणालाच उमगलेले नाही. हा प्रश्न रास्त आहे, कारण लंडनमधील बहुतेक संग्रहालये आणि राजवाडे पाच-सहाच्या सुमारास दारे लावून घेतात आणि त्यानंतर पर्यटक एकतर खोलीवर परततो किंवा दुकानांतून हिंडतो. प्रत्येकाची गरज वेगळी असल्यामुळे उत्तरे स्वतंत्रपणे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. जूनमध्ये तीन आठवडे मुलाकडे लंडनला राहणार आहोत. मुलगा आणि सूनबाई दोघेही कामावरून उशिरा परततात. तोवर आम्ही दोघांनीच कुठे जावे? हिच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत आणि रोज तिकिटे काढून फिरणे आमच्या खर्चात बसणारे नाही. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण जूनमध्ये जात आहात, हीच मोठी जमेची बाजू आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो आणि संधिप्रकाश त्यानंतरही बराच वेळ रेंगाळतो, त्यामुळे संध्याकाळी पाचला घराबाहेर पडलात तरी चार तासांहून अधिक स्वच्छ उजेड आपल्या हाती असतो. पहिल्या दोन-तीन संध्याकाळी मात्र काहीही मोठे ठरवू नका. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे असते. म्हणजे तेथे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचा एक वाजलेला असतो. या दिवसांत मोकळ्या हवेत, उजेडात हळूहळू चालणे हाच झोपेची घडी बसवण्याचा सोपा उपाय आहे.

त्यासाठी थेम्स नदीच्या दक्षिण काठासारखी जागा नाही. वेस्टमिन्स्टर पुलापासून टॉवर ब्रिजपर्यंतची ही पायवाट साधारण चार किलोमीटरची आहे, बहुतांशी सपाट आहे आणि तिच्यावर बसायला जागोजागी बाके आहेत. ती एका दमात संपवण्याचा अट्टहास करू नका. तीन आठवडे आहेत, तीन तुकडे करा. वाटेत लागणारे रॉयल फेस्टिव्हल हॉल हे १९५१ सालचे संगीतगृह मला विशेष सुचवावेसे वाटते, कारण त्याची प्रशस्त दालने कार्यक्रमाचे तिकीट नसलेल्यांनाही खुली असतात. तेथे उद्वाहन आहे, स्वच्छतागृह आहे, निवांत बसता येते आणि पुष्कळदा विनामूल्य संगीतही ऐकायला मिळते. शेजारच्या नॅशनल थिएटरच्या दर्शनी दालनातही असेच बसता येते. थेम्सला समुद्राची भरती-ओहोटी जाणवते आणि मध्य लंडनमध्ये पाण्याची पातळी सात मीटरपर्यंत वरखाली होते, त्यामुळे काल जेथे पाणी काठाला भिडले होते तेथे आज वाळू आणि गोटे उघडे पडलेले दिसतील. एकच जागा दोनदा पाहावी ती यासाठी. एखाद्या दिवशी उशिरापर्यंत थांबता आले तर पुलांवरची रोषणाई पाहा. लंडन ब्रिजपासून लॅम्बेथपर्यंतच्या नऊ पुलांवर संथपणे रंग बदलणारे दिवे लावण्याचे काम २०२१ मध्ये पूर्ण झाले, आणि ते पाहायला काठावर उभे राहण्यापलीकडे काहीच लागत नाही.

येण्याजाण्यासाठी बस वापरा. भुयारी रेल्वेच्या जुन्या स्थानकांवर जिने फार आहेत. याउलट लंडनच्या सर्व बसगाड्यांचा तळ रस्त्यालगत खाली असतो आणि त्यांना उतरता रॅम्प असतो. बसचे भाडे दोन पौंडांच्या आत आहे आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी ते पुन्हा कापले जात नाही. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, आणि एकाच कार्डावर दोघांना प्रवास करता येत नाही, म्हणून मुलाला सांगून दोघांसाठी दोन ऑयस्टर कार्डे (आधी पैसे भरून वापरायची प्रवासाची कार्डे) पहिल्याच दिवशी घ्या. ट्रॅफल्गार चौकातून सुटणारी १५ क्रमांकाची बस फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स कॅथेड्रल आणि टॉवर ऑफ लंडन अशी जाते. संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर तिच्या वरच्या मजल्यावर पुढे बसणे म्हणजे पर्यटक-बसची सगळी मौज दोन पौंडांच्या आत. पत्नीला वरचा जिना जमणार नसेल तर खालीही खिडकीची जागा मिळते.

शुक्रवार संग्रहालयांसाठी राखून ठेवा. ब्रिटिश म्युझियम त्या दिवशी रात्री साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम दहापर्यंत उघडे असते. तिन्ही ठिकाणी नेहमीच्या दालनांना प्रवेशमूल्य नाही. शाळांच्या सहली आणि पर्यटकांचे जथे तोवर पांगलेले असतात, त्यामुळे नॅशनल गॅलरीतल्या व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रासमोर कोणाचा धक्का न लागता उभे राहता येते. ब्रिटिश म्युझियममध्ये उशिरा सगळीच दालने उघडी असतात असे नाही, तेव्हा जे पाहायचे ते आधी पाहून घ्या.

आणखी एक गोष्ट सुचवतो. वेस्टमिन्स्टर ॲबी पाहण्याचे तिकीट माणशी ३० पौंडांच्या घरात आहे. पण तेथील सायंप्रार्थना, जिला ‘इव्हनसाँग’ म्हणतात, ती सर्वांना विनामूल्य खुली असते. बहुतेक दिवशी ती संध्याकाळी पाचला सुरू होते आणि पाऊण तासात आटोपते. सेंट पॉल्समध्येही तशीच प्रार्थना होते. धर्म कोणताही असो, त्या उंच कमानींखाली गायकवृंदाचे स्वर घुमताना ऐकणे हा लंडनमधला एक अत्यंत सुंदर अनुभव आहे. ही उपासना आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे, म्हणून छायाचित्रे काढू नयेत आणि मध्येच उठू नये, एवढे पथ्य पाळावे.

प्रश्न : मी नाटकवेडी आहे. लंडनला जाऊन नाटक न पाहता परत येणे मला शक्य नाही, पण तिकिटे महाग असतात असे ऐकते. शिवाय इंग्रजी वाचता येत असले तरी भरभर बोललेले समजेल का, अशी धास्ती वाटते. (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : धास्ती सोडा आणि पहिले नाटक संगीतिका निवडा. तिच्या कथानकाचा सारांश आदल्या दिवशी वाचून गेलात तर उरलेले काम संगीत आणि अभिनय करतात. संवादप्रधान नाटकच पाहायचे असेल तर रंगमंचाशेजारच्या पडद्यावर संवाद दाखवणारे प्रयोग अधूनमधून होतात; नाट्यगृहाच्या संकेतस्थळावर ‘कॅप्शन्ड’ असा शब्द शोधा. हे प्रयोग कर्णबधिर प्रेक्षकांसाठी असले तरी कोणालाही त्यांचे तिकीट काढता येते.

वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागातले प्रयोग बहुधा संध्याकाळी साडेसातला सुरू होतात आणि वेळेवर सुरू होतात. उशिरा आलेल्याला प्रवेश योग्य क्षण येईपर्यंत दिला जात नाही. रविवारी पुष्कळ नाट्यगृहे बंद असतात. तिकिटांसाठी लेस्टर चौकातल्या ‘टीकेटीएस’ या खिडकीवर जा. नाट्यनिर्मात्यांच्या आणि नाट्यगृहांच्या संघटनेने १९८० मध्ये सुरू केलेली ही अधिकृत खिडकी आहे आणि तेथे त्याच दिवसाची तिकिटे सवलतीत मिळतात. तिच्या आजूबाजूला सवलतीच्या पाट्या लावलेली खासगी दुकानेही आहेत, त्यांच्याशी तिची गल्लत करू नका. अनेक नाट्यगृहे त्या-त्या दिवशी थोडी तिकिटे कमी दरात सोडतात. एकट्या प्रेक्षकाला त्यात चांगली खुर्ची मिळण्याचा संभव जास्त, हे मुद्दाम सांगतो. स्वस्त तिकिटावर ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ असे लिहिले असेल तर समोर खांब किंवा कठडा येणार असे समजावे, आणि सर्वांत वरचा सज्जा या जुन्या नाट्यगृहांत फार चढा असतो.

तरीही आपल्यासारख्या नाटकवेडीने एक संध्याकाळ ‘शेक्सपिअर्स ग्लोब’ या नाट्यगृहाला द्यावी, असा माझा आग्रह आहे. मूळ ग्लोब १५९९ सालचे. १६१३ मध्ये प्रयोग चालू असताना उडवलेल्या तोफेच्या ठिणगीने त्याचे गवती छप्पर पेटले आणि ते जळून गेले. आजचे नाट्यगृह १९९७ मध्ये खुले झाले. अमेरिकन नट सॅम वॉनामेकर यांनी त्यासाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचली, पण ते पूर्ण झालेले पाहायला ते हयात नव्हते. १६६६ च्या महाआगीनंतर लंडनमध्ये गवती छप्पर घालण्याची परवानगी मिळालेली ही पहिली इमारत होय. रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना असलेल्या मोकळ्या अंगणात सुमारे सातशे प्रेक्षक उभे राहून नाटक पाहतात आणि या उभ्या जागांचे तिकीट अगदी थोड्या पौंडांत मिळते. तेथे बसता येत नाही, पाऊस आला तरी छत्री उघडता येत नाही, तेव्हा टोपीचा रेनकोट जवळ ठेवा. या गैरसोयीच्या मोबदल्यात नट हाताच्या अंतरावर असतो, तो आपल्या डोळ्यांत पाहून बोलतो, गर्दीतून वाट काढत रंगमंचावर चढतो. भाषेतले चार शब्द निसटले तरी नाटक निसटत नाही. हा हंगाम उन्हाळ्याच्या महिन्यांत असतो. हिवाळ्यात गेलात तर त्याच आवारात २०१४ पासून चालणारे एक छोटे बंदिस्त नाट्यगृह आहे, जेथे प्रयोग मेणबत्त्यांच्या उजेडात होतात.

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लंडनमध्ये असाल तर रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या ‘प्रॉम्स’ या संगीतमहोत्सवालाही हाच न्याय लावा. १८९५ मध्ये सुरू झालेल्या या महोत्सवाचे मूळ सभागृह १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले, तेव्हापासून तो येथे होतो. उभे राहून ऐकण्याची तिकिटे त्याच दिवशी दहा पौंडांच्या आत मिळतात आणि ही उभी जागा वाद्यवृंदाच्या थेट समोर असते.

प्रश्न : शाळेच्या नाताळच्या सुटीत दोन मुलांना (वय ७ आणि १०) घेऊन लंडनला जात आहोत. तेथे चारलाच अंधार पडतो म्हणतात. मग संध्याकाळ फुकटच जाणार का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मुलांसाठी हा अंधार उलट सोयीचा आहे. डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, त्यामुळे उन्हाळ्यात मुले पेंगुळल्यावर दिसणारे झगमगते लंडन आपल्याला जेवणाच्या बरेच आधी दाखवता येईल. फेनचर्च स्ट्रीटवरील गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावर ‘स्काय गार्डन’ ही काचेच्या छताखालची बाग आहे. प्रवेश विनामूल्य असतो, पण वेळ आधी ऑनलाइन राखावी लागते आणि नव्या वेळा साधारण तीन आठवडे आधी खुल्या होतात. दुपारी साडेतीनची वेळ मिळाली तर दिवसाचे शहर, सूर्यास्त आणि दिवे लागलेले शहर ही तिन्ही दृश्ये एकाच तासात पदरात पडतात. हे साधले तर ‘लंडन आय’ या नदीकाठच्या महाकाय पाळण्याच्या अर्ध्या तासाच्या फेरीवर चार तिकिटांचा खर्च करण्याची गरज मला वाटत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी रीजंट स्ट्रीटवरची रोषणाई पाहत ट्रॅफल्गार चौकापर्यंत या. तेथला उंच नाताळवृक्ष नॉर्वेतल्या ओस्लो शहराकडून दरवर्षी येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने दिलेल्या साथीबद्दलची कृतज्ञता म्हणून १९४७ पासून ही प्रथा चालू आहे. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत त्या झाडाखाली संध्याकाळी गायकांचे गट नाताळगीते गातात. मुलांना ही गोष्ट सांगून झाडासमोर उभे करा.

दोन तारखांची मात्र काळजी घ्या. २५ डिसेंबरला लंडनमध्ये बस, भुयारी रेल्वे आणि आगगाडी यांपैकी काहीही धावत नाही आणि बहुतेक सर्व बंद असते, म्हणून त्या दिवसाचे जेवण आदल्या दिवशी आणून ठेवा आणि पायी जाता येईल एवढेच ठरवा. ३१ डिसेंबरच्या नदीकाठच्या आतषबाजीला आधी काढलेले तिकीट लागते, आणि सात वर्षांच्या मुलाला त्या थंडीत, त्या गर्दीत मध्यरात्रीपर्यंत उभे करणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : कार्यालयीन कामासाठी पाच दिवस एकटी जाणार आहे. संध्याकाळी सहानंतर मोकळी असेन. रात्री एकटीने फिरणे सुरक्षित आहे का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : मध्य लंडन रात्री अकरापर्यंत गजबजलेले असते आणि एकटीने नाटकाला किंवा जेवायला जाणे तेथे कोणाला वेगळे वाटत नाही. खरा उपद्रव आहे तो दुचाकीवरून येऊन हातातला फोन हिसकावणाऱ्यांचा. रस्त्याच्या कडेला उभे राहून नकाशा पाहू नका. दुकानाच्या दारात किंवा भिंतीकडे वळून पाहा. भुयारी रेल्वे मध्यरात्रीपर्यंत चालते. शुक्रवारी आणि शनिवारी सेंट्रल, ज्युबिली, नॉर्दर्न, पिकॅडिली आणि व्हिक्टोरिया या मार्गांच्या बऱ्याचशा भागावर ती रात्रभर असते. टॅक्सी लागली तर रस्त्यात हात दाखवून फक्त ‘ब्लॅक कॅब’ थांबवा. इतर गाड्या आधी नोंदवल्याशिवाय प्रवासी घेऊ शकत नाहीत, त्यामुळे आपणहून विचारणाऱ्या चालकाला ठाम नकार द्या.

पाचांपैकी एक संध्याकाळ टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातील चाव्यांच्या समारंभासाठी (‘सेरेमनी ऑफ द कीज’) मिळाली तर पाहा. किल्ल्याचा मुख्य दरवाजा बंद करून चाव्या सुपूर्द करण्याचा हा विधी सुमारे सातशे वर्षे दररोज रात्री होत आला आहे, आणि आजही तो नऊ वाजून त्रेपन्न मिनिटांनी सुरू होतो. तिकीट स्वस्त आहे, पण ते आधीच ऑनलाइन काढावे लागते आणि विक्री सुरू होताच संपते, तेव्हा कामाच्या तारखा ठरताच पहिला शोध त्याचा घ्या. प्रवेश साडेनऊच्या सुमारास एकदाच दिला जातो. दहा वाजून गेल्यावर बाहेर पडाल, आणि टॉवर हिल स्थानक तेथून चालत पाच मिनिटांवर आहे.