मुदी अपभ्रंश? मग हळदही अपभ्रंशच!

एका बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे आजीची सोन्याची अंगठी आहे, वरच्या चपट्या भागावर आजीच्या नावाची अक्षरे कोरलेली. आजोळी, कोकणात, तिला सगळे 'मुदी' म्हणतात. त्यांनी एका लेखात 'आजीची मुदी' असे लिहिले, तर तपासणाऱ्याने ते खोडून 'मुद्रिका' केले आणि समासात शेरा मारला, 'मुदी हा अपभ्रंश.' बरोबर काय, असे त्या विचारतात. जोडीला एक उपप्रश्न आहे: अंगठी अंगठ्यात घालत नाहीत, मग तिला अंगठी का म्हणायचे?

उपप्रश्न आधी उरकते. संस्कृतात बोट म्हणजे अंगुली, अंगठा म्हणजे अंगुष्ठ. अंगुष्ठापासून अंगठा आला आणि त्याच घरातून अंगठी. संस्कृतचा स्वतःचा शब्द मात्र बोटावरून आहे, अंगुलीय किंवा अंगुलीयक. त्यासाठी पाणिनीने 'जिह्वामूलाङ्गुलेश्छः' असे सूत्रच केले आहे. जिभेच्या मुळाशी होतो तो जिह्वामूलीय वर्ण, बोटात असते ते अंगुलीय. पुढे लोकभाषेत अंगठ्यावरून आलेला शब्द कुठल्याही बोटातल्या वळ्याला चालू लागला, एवढीच गोष्ट. आणि कृपा करून 'अंगुठी' लिहू नका. हिंदीतली अँगूठी कानावर पडून पडून हा उकार मराठीत शिरतो आहे. आपला अंगठा 'अंगुठा' झाला नाही, मग अंगठीच्या मागे का लागता?

आता त्या शेऱ्याकडे वळते. एखादा शब्द संस्कृतात वेगळा दिसला की मराठी रूपाला 'अपभ्रंश' म्हणून मोकळे व्हायचे, ही खोड मला संताप आणते. मुद्रिका, मुद्दिका, मुद्दिआ, मुदी अशी सरळ वाट आहे. मधले 'मुद्दिका' हे रूप पालीत जसेच्या तसे सापडते. 'द्र'चा 'द्द' होणे आणि मग तो जोड सुटून साधा 'द' उरणे ही मराठीची नेहमीची चाल. हरिद्रेची हळद अशीच झाली. जेजुरीला हळद उधळताना कोणी 'हरिद्रा म्हणा, शुद्ध बोला' असे सांगत नाही. मुदी हळदीइतकीच शुद्ध आहे. हे तद्भव शब्द म्हणजे मराठीचे अंग आहे. ते खरवडून काढले तर हात, कान, दात काहीच उरणार नाही.

शिवाय मुदी एकटी नाही. कोकणीत अंगठीला रोजचा शब्द मुदी हाच आहे. पंजाबीत मुंदरी, सिंहलीत मुद्द, मल्याळममध्ये मोतिरम्. पंजाबपासून लंकेपर्यंत नांदणाऱ्या या एवढ्या गोतावळ्याला समासातल्या एका शेऱ्याने बाद करायचे?

खरी मजा पुढे आहे. मुदी आणि अंगठी हे समानार्थी शब्द आहेत, एक खेड्यातला आणि एक शहरातला, असे सर्रास सांगितले जाते. कोशातही बहुतेक वेळा 'मुदी : अंगठी' एवढ्यावर बोळवण होते. दागिन्यांच्या जाहिराती तर हिऱ्याच्या कुठल्याही अंगठीला 'मुद्रिका' म्हणतात, का तर ते भारदस्त वाटते. ही ढिलाई अमरकोशाने, संस्कृतच्या जुन्या शब्दकोशाने, केलेली नाही. तिथे ओळ आहे, 'अङ्गुलीयकमूर्मिका', आणि लगेच पुढे, 'साक्षराङ्गुलिमुद्रा स्यात्'. साधी अंगठी असेल तर अंगुलीयक किंवा ऊर्मिका (ऊर्मी म्हणजे लाट, बोटावर बसलेली ही छोटी लाट, किती सुंदर शब्द वाया गेला!), आणि तिच्यावर अक्षरे असतील तर ती अंगुलिमुद्रा. साक्षर अंगठी! प्रश्नातल्या अंगठीवर अक्षरे आहेत. म्हणजे ती अमरकोशाच्या व्याख्येनेच मुद्रा आहे आणि आजोळच्या माणसांनी नेमका शब्द वापरला आहे.

मुद्रा म्हणजे मुळात ठसा, आणि ठसा उठवायचे साधन. अंगठी हे त्या साधनाचे सोयीचे रूप. ती हातातच राहते, चोरायची तर आधी बोटातून काढावी लागते. विचारणाऱ्या बाईंनी भिंग घेऊन ती अक्षरे नीट पाहावीत. ती उलटी, आरशात दिसावीत तशी कोरलेली आणि आत खोदलेली असतील, तर ती अंगठी ठसा उठवण्यासाठी घडवली आहे. ओल्या मातीवर हलकेच दाबली की नाव सुलटे उमटेल. अक्षरे सुलटी असतील तर नाव निव्वळ शोभेसाठी आहे. तरी मुदी ती मुदीच, कारण नाव आहे.

अंगठीची किंमत नावात आहे हे आपल्या जुन्या कथांना पक्के ठाऊक होते. वाल्मीकींचा राम हनुमानाला देतो ते अंगुलीय 'स्वनामाङ्कोपशोभितम्', म्हणजे स्वतःच्या नावाने शोभणारे, आणि अशोकवनात हनुमान सीतेला सांगतो, 'रामनामाङ्कितं चेदं पश्य देव्यङ्गुलीयकम्'. सोन्याबद्दल किंवा खड्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त तर सगळे कारस्थान एका अंगठीवर उभे आहे. यातला राक्षस म्हणजे नंदांचा अमात्य, चाणक्याचा प्रतिस्पर्धी; त्याची बायको त्याच्या मित्राकडे, चंदनदासाकडे, लपलेली असते. चंदनदासाच्या घरातून एक लहान मूल बाहेर धावते, त्याला आत ओढताना राक्षसाच्या बायकोच्या बोटातून अंगठी निसटते. का निसटते? तर ती पुरुषाच्या बोटाच्या मापाची, म्हणून. ती घरंगळत हेराच्या पायाशी येते, तिथून चाणक्याच्या हाती, आणि मग राक्षसाच्या नावाच्या खोट्या पत्रावर तिचा ठसा उमटतो. मापाचा एवढासा तपशील आणि त्याने राज्य फिरते! याच नाटकाच्या नावावरून आपण छपाईतल्या चुकांना 'मुद्राराक्षसाचा प्रताप' म्हणतो.

शकुंतलेची अंगठी सगळ्यांना माहीत आहे. पण महाभारतातल्या मूळ कथेत ती नाहीच, हे फार थोड्यांना माहीत असते. ती कालिदासाने आणली. पहिल्या अंकात सख्या अंगठीवरची 'नाममुद्रा' वाचतात तेव्हा त्यांना समोर राजा असल्याचा उलगडा होतो. निघताना दुष्यंत सांगून गेलेला असतो, माझ्या नावाचे रोज एक अक्षर मोज, शेवटच्या अक्षराशी पोचशील तेव्हा तुला न्यायला माणूस येईल. अंगठी म्हणजे दिनदर्शिकाच झाली! 'नाममुद्रा' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता व्युत्पत्ती. 'मुद्' म्हणजे आनंद, म्हणून आनंद देते ती मुद्रा, असे सांगणारे पुष्कळ आहेत. आधार म्हणून ते कुलार्णवतंत्र या तांत्रिक उपासनेच्या ग्रंथाकडे बोट दाखवतात: देवांना मोद देते आणि मने द्रवविते म्हणून मुद्रा. ही उपासकाची निरुक्ती आहे. उपासनेत तिला मान आहे, भाषेच्या इतिहासात नाही. ठसा आणि आनंद यांचा अर्थाने संबंध कसा जोडायचा, हे या मंडळींनी आजवर सांगितलेले नाही. अक्षरे जुळली की अर्थ जुळला, असे नसते.

मला पटते ती वाट इराणकडून येते. फारसीत 'मुह्र' म्हणजे ठसा, शिक्का. आपली मोहोर तीच: सीलमोहोर म्हणताना ती ठसा असते, सोन्याची मोहोर म्हणताना नाणे. मुद्रेचेही तसेच आहे, राजमुद्रा हा ठसा आणि मुद्रा म्हणजे चलन. मुह्र आणि मुद्रा एका घरातल्या असाव्यात, असे भाषाशास्त्रातल्या अभ्यासकांनी मांडले आहे. माझे मत त्यापुढे जाते: ठसा उठवण्याची वस्तू आणि तिचे नाव बरोबरच फिरले, मोहरा आणि अंगठ्या घेऊन फिरणाऱ्या व्यापारी आणि कारकून मंडळींच्या हातून. वस्तू सरहद्द ओलांडते तेव्हा नाव सोबत घेऊन येते. तिसरा साक्षीदार पाहा. अरबीत 'सिक्का' म्हणजे नाणे पाडायचा साचा. हिंदीत त्याचे नाणे झाले, मराठीत शिक्का ठसाच राहिला. तीन भाषांतले तीन शब्द, आणि तिन्हींचा प्रवास तोच, ठशापासून नाण्यापर्यंत. ज्यावर नाव उमटले तेच खरे, त्यालाच मोल, हा विचार या शब्दांत रुतून बसला आहे. त्यात आनंद कुठून आणायचा?

शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी मुद्रेवरचा श्लोक शेवटी स्वतःलाच मुद्रा म्हणतो, 'मुद्रा भद्राय राजते'. पत्राच्या अखेरीस दुसरा छोटा ठसा असे, 'मर्यादेयं विराजते'. इथे मजकूर संपला, याखाली कोणी काही घुसडू नये. हे पाहिल्यावर अभंगाचा शेवट आठवत नाही का? 'तुका म्हणे', 'चोखा म्हणे', 'एका जनार्दनी'. यालाही आपण नाममुद्राच म्हणतो, कालिदासाच्या सख्यांनी अंगठीवर वाचली तीच! ती शेवटच्या चरणात येते, कर्ता कोण ते सांगते आणि मजकुराची हद्द आखते. म्हणजे मुद्रा आणि मर्यादा, दोन्ही ठशांचे काम एकटीने करते. अभंगातल्या नाममुद्रेला 'कवीची सही' म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच विरोध करते. सही कागदाच्या कोपऱ्यात असते. ही चालीत, छंदात घट्ट बसवलेली असते, कोंदणात बसवावी तशी.

'एका जनार्दनी'त तर दोन नावे आहेत, शिष्याचे आणि गुरूचे. जनाबाई स्वतःला 'नामयाची जनी' म्हणवते. दुसऱ्याचे नाव आपल्या मुद्रेत कोरून घेण्याची ही रीत अंगठीतही आहे. जोडीदाराचे नाव आतल्या बाजूला कोरलेल्या अंगठ्या आज घरोघर असतात. शकुंतलेच्या बोटात दुष्यंताचे नाव होते, राक्षसाच्या बायकोच्या बोटात राक्षसाचे, सीतेने ओंजळीत घेतले ते रामाचे. प्रश्नातल्या आजींच्या अंगठीवर मात्र त्यांचे स्वतःचे नाव आहे. हे मला फार मोठे वाटते. मुद्रा ज्याच्या नावाची, शब्द त्याचा चालतो. ती अंगठी कोणी आणि कधी घडवून घेतली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. शब्दाइतकीच ती माहितीही जपायला हवी.

मग बरोबर काय? 'आजीची मुदी' असेच लिहा आणि तपासणाऱ्याला अमरकोशाची ओळ दाखवा. 'मुद्रिका' चूक नाही, पण जिथे घरचा शब्द जिवंत आहे तिथे ती आणण्याचे कारण नाही. लिहिताना एवढेच सांभाळा, मुदीचे अनेकवचन मुद्या, अंगठीचे अंगठ्या तसे. 'मुदी' हे अनेकवचन म्हणून आले तर ते भाताच्या मुदीचे. साच्यात दाबून उठवलेली ती मूद म्हणजे मुद्रेचीच दुसरी लेक, असे मी ठामपणे मानते; पण तिच्याबद्दल कोणी विचारले तर वेगळे लिहीन.