आधी जुनं पुस्तक, मग नवं

प्रिय,

चार वर्षं लेखन बंद होतं, आता पुन्हा लिहायचं आहे आणि या वेळी पुस्तक स्वतःच काढायचं आहे, असं तू कळवलंस. हात पुन्हा कसा बसवायचा आणि छापायचं कुठे, असे तुझे दोन प्रश्न आहेत. छपाईची घाई करू नकोस. २०१८ साली एका प्रकाशकाने काढलेली तुझी कादंबरी आज बाजारात मिळत नाही. सुरुवात तिच्यापासून कर. नव्या मजकुरावरच प्रकाशन शिकायला गेलं की प्रत्येक प्रूफात वाक्यं बदलावीशी वाटतात, पानं हलतात आणि मुखपृष्ठाचं मोजमाप चुकतं. जुन्या पुस्तकाचा मजकूर ठरलेला आहे. फाइल, फॉन्ट, कागद, टपाल यांतल्या चुका त्याच्यावर स्वस्तात होतील. सकाळचा वेळ नव्या लिखाणाचा ठेव, संध्याकाळचा या कारकुनीचा. दोन्ही एका बैठकीत केलंस तर कारकुनीच जिंकेल, कारण ती करणं सोपं असतं.

पहिलं काम म्हणजे करार शोधणं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल, तर ती ५ वर्षांचीच धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर फक्त भारत धरतात. तुझ्या करारात मुदतीचा रकाना कोरा असेल तर ते हक्क २०२३ पर्यंतच तुझ्याकडे परत आले. ‘कायमस्वरूपी’ असा शब्द असेल तर मात्र प्रकाशकाकडून हक्क परत केल्याचं सहीचं पत्र घ्यावं लागेल. फोनवरचा होकार पुरत नाही. त्याच पत्रात आणखी दोन गोष्टी मिटव. एक, किती प्रती शिल्लक आहेत? त्या तू घाऊक दराने उचलल्या नाहीस तर तुझी नवी आवृत्ती आणि त्यांची जुनी एकाच टेबलावर निम्म्या किमतीच्या फरकाने विकली जाईल. दोन, त्यांनी ई-बुक लावलं असेल तर ते उतरवायला सांग. ते का, ते पुढे सांगते. जुनं मुखपृष्ठ आणि पानांची मांडणी तुझी नाही, हेही लक्षात ठेव. चित्रकाराची परवानगी वेगळी घ्यावी लागते. बहुधा नवं मुखपृष्ठ करून घेणंच सोपं पडेल.

आता फाइल. सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार. तुझी कादंबरी श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाली असेल, तर संगणकाच्या लेखी त्या फाइलमध्ये मराठी नाहीच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली आहेत, एवढंच. फॉन्ट बदलला की नुसता कचरा दिसतो. रूपांतरक वापरून ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, आणता येते, पण ‘झालं’ म्हणून पुढे जाऊ नकोस. पहिला बळी जातो तो ऱ्याचा. ‘दऱ्या’ जाऊन ‘दर्या’ येतो, डोंगरातली वाट समुद्रात उतरते. ‘आचाऱ्यांना’ बोलावलं असताना ‘आचार्यांना’ बोलावलं जातं. यावर सरसकट शोधा-बदला चालवलंस तर ‘सूर्याचा’ ‘सूऱ्याचा’ होईल आणि ‘कार्या’चंही तेच होईल. म्हणून एकेक जागा थांबून बदल. दोनशे पानांच्या कादंबरीत अशा शेकडो जागा निघतात, दोन संध्याकाळी धर. दुसरा त्रास ॲचा. एकच अक्षर म्हणून टाइप केलेला ॲ आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेला, हे दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात, शोधायला गेलं की एकच सापडतो. आकडे कधी इंग्रजी होतात, अवतरणचिन्हं कधी अक्षरांचे तुकडे होतात आणि जोडाक्षरांत न दिसणारी चिन्हं उरतात. कागदावर ती त्रास देत नाहीत, ई-बुकात मात्र तिथे शब्द तुटतो.

मांडणी इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये करणार असशील तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावलाय का ते पाहा, नाहीतर वेलांट्या भलत्या अक्षरावर जातात आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दे. चांगल्या फॉन्टमध्ये मग ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात हीच वळणं प्रमाण धरली आहेत, पण बऱ्याच नव्या पुस्तकांत ती दिसत नाहीत, कारण कुणी तपासतच नाही. अक्षर १२ ते १३ पॉइंट, ओळींतलं अंतर १७ ते १८. देवनागरीला वर रफार-वेलांटी आणि खाली उकार लागतात, इंग्रजी पुस्तकाचं अंतर तिला पुरत नाही.

मजकूर मात्र बदलू नकोस. २०१८ ची तू आज तुला कच्ची वाटशील, दुरुस्त्यांचा मोह होईल. मुद्रणदोष काढ, शुद्धलेखन साहित्य महामंडळाच्या अठरा नियमांना धरून एकसारखं कर आणि थांब. प्रकरणं फिरवलीस तर ती सुधारित आवृत्ती झाली, आणि तुझं प्रशिक्षणाचं पुस्तक पुन्हा नवं पुस्तक होऊन बसलं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, जुना वापरता येणार नाही, तो त्या प्रकाशकाच्या खात्यावरचा आहे. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेच्या पोर्टलवर लेखक-प्रकाशक म्हणून नोंदणी केलीस की तो विनामूल्य मिळतो. त्याचे पैसे मागणारे मधले लोक असतात, त्यांच्या नादी लागू नकोस. कागदी पुस्तकाला एक आणि ई-बुकाला दुसरा, असे दोन माग. पुढे मजकूर न बदलता पुनर्मुद्रण केलंस तर तोच क्रमांक चालतो.

कागदाचा हिशेब तोंडपाठ असू दे, म्हणजे छापखान्यात कुणी गुंडाळणार नाही. डेमी आकार, साडेपाच बाय साडेआठ इंच. फर्मा, म्हणजे एका कागदावर छापून घडी घातलेली पानं, १६ पानांचा. पुस्तक १८७ पानांत संपत असेल तर १९२ वर आण, म्हणजे १२ फर्मे. १९४ झालं तर उरलेल्या दोन पानांसाठी तेरावा फर्मा लावावा लागेल. तेव्हा एखादं कोरं पान काढ, प्रकरणाची सुरुवात थोडी वर घे. ५०० प्रतींना १२ फर्म्यांचे १८×२३ चे ६,००० कागद लागतात, म्हणजे २३×३६ चे ३,००० ताव, म्हणजे ५०० तावांचा एक असे ६ रीम, शिवाय वाया जाणारा. कोटेशनमध्ये १० रीम लावले असतील तर कारण विचार. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) पिवळसर कागद कादंबरीला चांगला. मुखपृष्ठाला ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन. तंतूंची दिशा कण्याला समांतर हवी हे सांगून ठेव. आडवी आली तर पुस्तक उघडं राहत नाही आणि पावसाळ्यात पानं लाटा मारतात. कण्याची जाडी अंदाजाने धरू नकोस. त्याच कागदाची कोरी डमी बांधून घे, पट्टीने मोज, मग मुखपृष्ठ पक्कं कर. ३०० च्या आत प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई, त्याच्या पुढे ऑफसेट परवडू लागतं. पहिल्या खेपेला डिजिटलवर १०० काढ. राहिलेल्या चुका वाचक दाखवतात, तेही फुकट.

वजनाचं सांगते, कारण तू लांब असताना टपालात बदल झाला आहे. रजिस्टर्ड बुकपोस्टची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं, त्याचा सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. वरचं १९२ पानी पुस्तक साधारण २२५ ग्रॅम भरतं, पुठ्ठा आणि पाकीट धरून २६० च्या आसपास. तेच २४० पानांचं झालं की पाकिटासकट ३०० ओलांडतं. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. तुझी कादंबरी त्यात घेतात का, हे एक भरलेलं पाकीट खिडकीवर नेऊन विचार. वाचकांकडून टपालखर्च घ्यायचं त्यानंतर ठरव.

किंमत ठरवताना नवे लेखक हमखास लाजतात. समजा छपाई-बांधणी प्रतीला ७० रुपये पडली आणि तू किंमत २०० ठेवलीस. वितरकाने ४५ टक्के घेतले की हाती ११० येतात, छपाई वजा जाता ४०. मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, वाहतूक यातूनच. ५०० प्रती सगळ्या खपल्या तरी २०,०००. किंमत २८० केलीस तर प्रतीमागे ८४ उरतात. छपाईखर्चाच्या चौपट हा खालचा आकडा समज. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ती एक काळजी कमी. वितरकाकडे एकदम ३०० प्रती टाकू नकोस, ५० दे आणि हिशेब आल्यावर पुढच्या दे.

ई-बुकासाठी किंडलवर मराठी चालते. छपाईची पीडीएफ चढवू नकोस, वर्ड किंवा ईपबची स्वच्छ फाइल दे. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे फक्त किंडलवरच ई-बुक ठेवायच्या ॲमेझॉनच्या योजनेत, घालावं लागतं, नाहीतर ३५. सिलेक्टमध्ये ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही असून चालत नाही. जुन्या प्रकाशकाची प्रत कुठल्याशा दुकानात लटकत राहिली तर नियम तू मोडलास असं धरतात. म्हणून ते आधी उतरवायचं.

आता सकाळचं काम. लेखन थांबलं तेव्हा अर्धवट राहिलेल्या कादंबरीत एकदम उडी घेऊ नकोस. आवाज बदललेला असतो, आणि जिथे थांबलीस नेमका तिथेच जोड दिसतो. आधी छापून काढ, हातात पेन न घेता सलग वाच. मग शेवटची दहा पानं न बघता नव्हे, समोर ठेवून, नव्याने टाइप कर आणि त्याच ओघात पुढे जा. तुझ्या तेव्हाच्या मजकुरात ‘केले, गेले’ आहे आणि आजच्या पत्रात ‘केलं, गेलं’. निवेदनाची तऱ्हा आत्ताच ठरव, दीडशे पानांनंतर नाही. रोज ३०० शब्द, आठवड्यातून सहा दिवस धरलेस तरी वर्षाला ९३ हजारांवर जातात. मध्ये एखादी १,५०० ते २,००० शब्दांची कथा लिहून दिवाळी अंकाला पाठव. अंक जरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येत असले तरी संपादकांना मजकूर जून-जुलैपर्यंत हवा असतो. कथेचा फक्त पहिल्या प्रसिद्धीचा हक्क दे, तसं सोबतच्या पत्रात लिही.

नव्या पुस्तकाची तारीख जानेवारी-फेब्रुवारीतली धर. सप्टेंबर-ऑक्टोबरात छापखाने दिवाळी अंकांत असतात, त्यानंतर कॅलेंडरं आणि डायऱ्या. शिवाय राज्य वाङ्मय पुरस्काराला प्रकाशनाचं कॅलेंडर वर्ष धरतात, २८ डिसेंबरला आलेलं पुस्तक चार दिवसांत गेल्या वर्षीचं होतं. पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. १९५४ चा कायदा आहे आणि आता प्रकाशक तूच. छपाईची संख्या ठरवताना त्या चार प्रती धरून चाल.

करार सापडला की मुदतीचं कलम आणि सहीची तारीख एवढं कळव. रूपांतर केलेली पहिली वीस पानं पाठव, ऱ्या तपासून मगच.

तुझी,
ताई