टेन्शन घेतो म्हणून पोट बिघडतं का? क्रोन्स असलेल्या एका मुलाची केस

"मॅडम, गोळ्या चालूच आहेत हो त्याच्या, पण मूळ टेन्शन आहे, तेवढं तुम्ही काढा, म्हणजे पोट आपोआप बरं होईल." क्रोन्स झालेल्या मुलामुलींचे आईबाबा माझ्याकडे समुपदेशनाला येतात ते बहुतेक वेळा हेच म्हणत येतात. तर आधी सरळ उत्तर देते. क्रोन्स टेन्शनमुळे होत नाही. आपली प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, त्यात थोडा भाग आनुवंशिक असतो, थोडा आतड्यातल्या जंतूंचा, थोडा बाहेरच्या गोष्टींचा, आणि मग आतड्याला सूज येते, अल्सर होतात. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतं पण जास्त करून लहान आतड्याच्या शेवटाला सापडतं. १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्याच जागेच्या आजाराचं वर्णन केलं म्हणून हे नाव पडलं. पुढे बरीच वर्षं काही डॉक्टरसुद्धा आतड्याच्या सुजेचे आजार मनातून होतात असं मानायचे, त्यामुळे आईबाबांना तसं वाटलं तर मी त्यांना नावं ठेवत नाही.

आता ज्या मुलाबद्दल लिहितेय तो गुहागरकडच्या किनाऱ्यावरचा, बाबा होडीवर, आई घर सांभाळून मासे विकते, आणि हा रोज एसटीने चिपळूणला कॉलेजला. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) पोटात उजव्या बाजूला खाली कळा, जुलाब, बारीक ताप, वजन उतरलेलं. आधी एका ठिकाणी आतड्याचा टीबी सांगितला, एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, थोडं बरं वाटलं आणि परत तेच. मग मुंबईच्या काकांनी गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना दाखवलं, पुन्हा कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडं बघणं), आणि निदान निघालं क्रोन्स. घरच्यांनी याचा अर्थ असा लावला की आधी टीबी म्हणाले, आता वेगळंच म्हणतायत, म्हणजे डॉक्टरांनाच काय ते कळत नाय, म्हणजे शरीरात काही नाहीच, पोरगा मनाला लावून घेतो. ग्रामदेवतेला गाऱ्हाणंही घालून झालं होतं. त्याला माझी अजिबात हरकत नाही, फक्त त्या नादात गोळ्या सुटू नयेत.

हा टीबीचा गोंधळ मी मुद्दाम सविस्तर सांगते कारण आपल्याकडे कितीतरी घरांचा विश्वास नेमका इथेच उडतो. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोन्ही त्याच जागेला होतात, दुर्बिणीतून दिसायलाही सारखे दिसतात, आणि आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासतात त्या बायोप्सीतसुद्धा दर वेळी उलगडा होतोच असं नाही. टीबी आपल्याकडे भरपूर. आणि टीबी असताना क्रोन्सची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर टीबी उसळतो, म्हणून शंका असेल तर डॉक्टर आधी टीबीचं औषध देतात आणि काही महिन्यांनी परत दुर्बीण घालून अल्सर भरले का ते बघतात. भरले नाहीत तर क्रोन्सचा विचार पक्का होतो. म्हणजे निदान बदललं ते शोध पुढे गेला म्हणून. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग हे आम्हाला तेव्हाच कोणी का नाय सांगितलं?" अगदी योग्य प्रश्न आहे.

मुलाशी एकट्याने बोलले तेव्हा मात्र वेगळंच बाहेर आलं. सकाळची एसटी चुकू नये आणि वाटेत संडासला लागू नये म्हणून तो आदल्या रात्री कमी जेवायचा, सकाळी काहीच नाही, दुपारी कॉलेजात पण नाही, संध्याकाळी घरी येऊन एकदम भरपेट, आणि मग रात्रभर कळा. सांधे दुखायचे (क्रोन्समध्ये ते पण होतं) तर मेडिकलमधून पेनकिलर आणून खायचा. डोकं शांत राहावं म्हणून सिगरेट सुरू केलेली. आणि बरं वाटलं की गोळ्या बंद, कारण मित्रांसमोर डबी काढायची लाज. आता बघा, घरचे म्हणत होते टेन्शन, तर टेन्शन खरंच होतं, पण आजार आधीचा आणि टेन्शन त्यातून आलेलं, आणि ते लपवायला जे जे केलं त्यातलं बरंचसं आजाराला खतपाणी घालणारं. सिगरेटने क्रोन्स वाढतो हे पक्कं माहीत आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर आतड्याला त्रास देऊ शकतात, त्या डॉक्टरांना न विचारता घेऊच नयेत. गोळ्या सोडल्या की सूज आतल्या आत परत चढते, कधीकधी तर काही जाणवायच्या आधीच.

ताणामुळे त्रास वाढल्यासारखा होतो हे खरं, आतडं आणि मेंदू सतत एकमेकांशी जोडलेले असतात, आणि सूज नसतानाही कळ येऊ शकते. म्हणून प्रत्येक कळेला घाबरायचं नाही आणि प्रत्येक कळ मनाची म्हणून सोडायचीही नाही, डॉक्टर कॅलप्रोटेक्टिन नावाची शौचाची तपासणी आणि रक्त तपासून सूज आहे का ते बघतात. पण उलट्या थांबत नाहीत, पोट फुगलंय आणि गॅस, शौच काहीच होत नाही, जोराचा ताप आहे, किंवा खूप रक्त जातंय, तर समुपदेशन वगैरे राहू द्या, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

माझं काम होतं ते एसटीचं. आम्ही कागदावर रस्ता काढला, शृंगारतळी, मार्गताम्हाणे, चिपळूण स्टँड, कुठे संडास आहे, कुठल्या हॉटेलवाल्याला आधीच सांगून ठेवता येईल, एक गाडी आधीची पकडायची, पुढची सीट, बॅगेत एक जोडी कपडे. कंडक्टरला एकदाच नीट सांगायचं. त्याला ते सांगायला सगळ्यात जड गेलं, आणि सांगितल्यावर कंडक्टर म्हणाला, सांग ना मग, थांबवू की गाडी. सकाळी मऊ भात आणि मेतकूट, थोडंसंच, पण खायचं. सिगरेट सुटायला वेळ लागला, एकदा परत सुरू पण झाली, मग डॉक्टरांच्या मदतीने सुटली.

आईच्या मनात वेगळाच सल होता, माझ्या हातच्या तिखटाने, माशांनी झालं का? नाही हो, कुठल्याही आईच्या स्वयंपाकाने क्रोन्स होत नाही. मासे बंद करायची तर काहीच गरज नव्हती, उलट वजन उतरलेल्या पोराला त्यातलं प्रोटीन हवंच असतं, त्रास असेल तेव्हा तिखट कमी आणि मासा नीट शिजलेला, एवढंच. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर मात्र फणस, काजू, कच्ची कोशिंबीर असं चोथ्याचं अडकू शकतं, ते ज्याचं त्याने डॉक्टरांना किंवा डाएटिशियनला विचारून ठरवावं. शेजारचे सांगतात म्हणून एकेक पदार्थ बंद करत गेलात तर शेवटी पोर नुसत्या पेजेवर येतं आणि अशक्त होतं. लहान आतड्याचा शेवटचा भाग बिघडला की बी१२ सुद्धा कमी पडतं, ते तपासून घ्यायचं.

शेवटी आईने तो प्रश्न विचारलाच, लग्नाचं काय. आजार ताब्यात असेल तर लग्न, मुलंबाळं सगळं होतं, फक्त काही औषधं मूल हवं असताना आधीच बदलावी लागतात, म्हणून डॉक्टरांना वेळेत सांगायचं. मुलांना होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते पण बहुतेकांना होत नाही. आईचं म्हणणं, मुलीकडच्यांना सांगायचं कधी? मी म्हटलं, बोलणी पुढे सरकली की लगेच, साखरपुड्याच्या आधी, आणि त्यानेच सांगावं, फाइल घेऊन, तुम्ही नाही.