व्हेल शार्कची भीती नको, ओढीची ठेवा

प्रश्न : लहानपणापासून पंचगंगेत पोहते. मैत्रिणीबरोबर पाठीवर सॅक टाकून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या निंगालू किनाऱ्यावर जायचंय, व्हेल शार्कबरोबर पोहायचंय. आईने धास्ती घेतली आहे. काय सांगू तिला?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आईंना सांगा, हा मासा एसटीएवढा लांब असला तरी प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि बारीक मासळी गाळून खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. मार्च ते जुलै हा हंगाम. परवाना असलेल्या बोटीनेच जा. डोक्यापासून ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर लांब राहायचं आणि हात अजिबात लावायचा नाही. हा नियम मनापासून पाळा.

मला काळजी वाटते ती निंगालूच्याच टर्क्वॉइज बे या उथळ खाडीची. तिथे दक्षिणेकडून पाण्यात उतरलं की प्रवाहच तुम्हाला प्रवाळांवरून उत्तरेला वाहून नेतो. बघण्यात भान हरपतं आणि वाळूचा दांडा कधी जवळ आला, ते कळत नाही. त्याच्या पुढे पाणी प्रवाळांच्या खिंडीतून थेट खोल समुद्रात ओढतं. दांड्याच्या आधीच किनारा गाठा. तुम्ही पट्टीच्या पोहणाऱ्या असाल, पण नदीच्या धारेचा अंदाज इथे चालत नाही. पायात फिन्स (पोहण्याचे रबरी पंखे) घालाच.

मुक्काम जवळच्या एक्समाउथ गावात करा. पर्थहून ते सुमारे १२५० किलोमीटर उत्तरेला आहे. ही खाडी ज्या केप रेंज उद्यानात आहे, तिथे पिण्याचं पाणी मिळत नाही, गावातूनच भरून न्या.